बोक्याचं अंडाशय आणि माझे 19,250

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना हसायला सोपं जाईल. 19,250. वर दवाखान्याचे 14,380. एकूण 33,630, आणि ते सगळे एका बोक्याच्या पोटाच्या खाजेपायी. मी पोटापाण्यासाठी काय करते? दुसऱ्यांची बिलं तपासते.

ढब्बू सात वर्षांचा, नसबंदी झालेला. चाटून चाटून त्याने पोटावरचे आणि मांड्यांच्या आतले केस पार उडवले होते. रात्री दोन वाजता अंधारात ते खरखरीत चाटणं ऐकत पडायचं म्हणजे काय, ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. दोनदा स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं, दोन्ही वेळा पंधरा दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. स्टेरॉइड सारखं देत राहिलं तर मांजराला मधुमेह होऊ शकतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. म्हणून मी दुसरा मार्ग शोधायला लागले. यात माझं काय चुकलं? काही नाही. चुकलं ते पुढे.

फोनवरून प्राण्यांवर ‘नैसर्गिक उपचार’ सांगणारी एक बाई सापडली. कसं ओढतात ते तुम्हाला माहीतच आहे. पहिला सल्ला फुकट, मधासारखा आवाज, ‘डॉक्टर लक्षणं दाबतात, आम्ही मुळाशी जातो’. आधीचे-नंतरचे फोटोही होते. ‘आधी’च्या मांजराच्या नाकावर काळा ठिपका होता, ‘नंतर’च्या मांजराच्या नाकावर नव्हता. तेव्हा मला वाटलं, उजेडाचा फरक असेल.

केसांची तपासणी: 2,350. चिमूटभर केस पाकिटात घालून पाठवायचे, आठ दिवसांत अहवाल येतो. अहवाल चौदा पानांचा, रंगीत तक्ते, 41 गोष्टींची ‘असहिष्णुता’. आणि पान सहावर स्पष्ट लिहिलं होतं: ‘अंडाशयात ऊर्जेचा अवरोध.’

बोक्याच्या. अंडाशयात.

मी ते वाचलं. नजरेतून सुटलं असं मी म्हणूच शकत नाही, कारण त्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली होती आणि ती रेघ अजून तिथे आहे. मी फोन केला. म्हटलं, ‘मॅडम, ढब्बू बोका आहे.’ त्या क्षणभरही अडखळल्या नाहीत. ‘ताई, ऊर्जेला लिंग नसतं.’ आणि मी म्हणाले, ‘अच्छा.’

अच्छा! ऑफिसात कुणी बिलात सतरा पैशांची चूक केली तर त्याला उभं धरणारी मी, आणि तिथे अच्छा म्हणाले. पहिल्या फोनपासून ती बाई ‘ती कशी आहे, ती जेवते का’ असंच विचारत होती. मी दोनदा ‘तो’ म्हणून दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा सोडून दिलं. आता वाटतं, तिथेच फोन ठेवला असता तर 16,900 वाचले असते. पण 2,350 आधीच गेले होते ना! गेलेल्या पैशांची लाज वाटते म्हणून माणूस आणखी पैसे घालतो. शिवाय रात्री दोनला ते चाटणं चालूच होतं.

मग तीन महिन्यांच्या थेंबांचा संच, 8,900. बाटलीवर ‘30 सी’, हे होमिओपॅथीतलं माप. म्हणजे शंभर पट पातळ करायचं, आणि ते तीस वेळा. बारा वेळांच्या आसपासच मूळ पदार्थाचा एक रेणूही उरण्याची शक्यता संपते. हे मला नंतर कळलं. शाळेत रसायनशास्त्रात रेणू मोजायचं, मोलचं गणित केलं होतं, पण ते गणित मांजराला लावायचं सुचलं नाही. दूरस्थ ऊर्जा-उपचाराच्या तीन बैठका, प्रत्येकी 1,200, म्हणजे 3,600. त्या वेळात ढब्बूने शांत बसायचं होतं. तो झोपला, कारण दुपारचे तीन वाजले होते. ‘शुद्धीकरणाची’ पावडर 2,750, तिला लसणाचा वास. मानेला लावायचं तेल 1,650. आणि दोन दिवस उपास.

पावडर ढब्बूने हुंगली आणि ट्रेमधली घाण झाकतात तशी पंजाने जमीन उकरून झाकायला बघितली. घरात अक्कल एकालाच होती. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. उपासाबद्दलही ऐकून ठेवा: माणसाचा उपास वेगळा. मांजर, त्यातही जाडं मांजर, काही दिवस खाल्ल्याविना राहिलं की चरबी यकृतात साठायला लागते आणि त्यात जीव जाऊ शकतो. सुदैवाने उपास माझ्याच्याने पाहवला नाही, दुपारीच मी त्याला खायला घातलं.

तेल मात्र लावलं. बाटलीवर फक्त ‘शुद्ध वनस्पती अर्क’, वास कापरासारखा उग्र. संध्याकाळी सात वाजता मानेवर सहा थेंब. मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटतं, हे मला माहीत होतं. त्याच चाटण्यापायी तर हे सगळं चाललं होतं! दहा वाजता लाळ गळायला लागली. अकराला मागचे पाय लटपटायला लागले, कान गार. बाईंना मेसेज केला, लगेच उत्तर आलं: ‘छान! विष बाहेर पडतंय. घाबरून डॉक्टरकडे नेलंत तर प्रक्रिया उलटेल.’

हे वाक्य लक्षात ठेवा. बरं वाटलं तर औषधाचा गुण, बिघडलं तर शुद्धीकरण. यात ते हरूच शकत नाहीत. मी त्या वाक्यावर विश्वास ठेवून चाळीस मिनिटं बसून राहिले. पैशांचं जाऊ द्या, त्या चाळीस मिनिटांची लाज मला जास्त आहे.

दवाखान्यात ताप मोजला, 35.9. मांजराचा साधारण 38 ते 39 असतो. डॉक्टरांनी बाटली हुंगली आणि म्हणाले, ‘टी ट्री.’ म्हणजे त्या नावाच्या झाडाचं तेल. भांड्याच्या साबणाने आणि कोमट पाण्याने धुतलं, गरम पिशव्यांत गुंडाळलं, सलाइन लावलं. असली द्रव्यं माणसाचं यकृत ज्या प्रक्रियेने निकामी करून बाहेर टाकतं, ती मांजरात फार तोकडी असते. म्हणूनच साधी पॅरासिटामॉलही त्याला मारते. दोन दिवस ठेवून घेतलं. वाचला.

आता खरा अपमान. त्याच डॉक्टरांनी बारीक दातांच्या फणीने त्याची पाठ विंचरली, निघालेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले. कापूस विटकरी लाल झाला. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी, बस्स. दिसत कशा नव्हत्या? तो चाटून गिळत होता. मांजरासाठीचं पिसवांचं औषध दर महिन्याला मानेवर आणि घरभर झाडझूड, अंथरुणं गरम पाण्यात. सात आठवड्यांत पोटावर लव आली. (कुत्र्याचं औषध उरलंय म्हणून मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर झटके येतात, जीवही जातो.)

मग तक्रारीची वारी. पोलिसांनी पहिलं विचारलं, ‘माणसाला काही झालं का?’ दुसरं, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ मागे बसलेला एक जण ‘म्याव’ म्हणाला. मी ऐकलं. बँकेने सांगितलं, कोड तुम्हीच टाकलात, मग हा व्यवहार फसवणुकीत मोडत नाही. पशुवैद्यकांच्या परिषदेत म्हणाले, ती बाई आमच्याकडे नोंदलेलीच नाही, आम्ही कारवाई कशावर करणार? अहो, नोंदलेली नाही हीच तर तक्रार आहे! औषध विभाग म्हणाला, बाटलीवर औषध असं लिहिलेलं नाही, सबब ते औषध नाही. ग्राहक विभागाने अर्ज तीनदा परत पाठवला, एकदा सही निळ्या शाईत नाही म्हणून. म्हणजे विष विकायचं असेल तर बाटलीवर काही लिहू नका, आणि उपचार करायचे असतील तर काही शिकू नका. चार महिने झाले, अर्जाची स्थिती ‘विचाराधीन’.

त्या बाईच्या गिऱ्हाइकांच्या गटात आणखी एक होती. तिचा बोका लघवीला नुसताच बसायचा, थेंब येत नव्हता, आणि तिला पाच दिवसांचे थेंब लिहून दिले होते. मी तिला रात्री फोन करून अक्षरशः ओरडले: आत्ताच्या आत्ता ने. लघवी अडलेला बोका एक-दोन दिवसांत जातो. ती गेली, तो वाचला, आणि मला गटातून काढून टाकण्यात आलं.

मी नैसर्गिकच्या विरोधात नाही हो. ढब्बूला रोज विंचरते, दिवसातून दोनदा दोरीशी खेळवते, ओलं अन्न देते, पाण्याची भांडी ट्रेपासून लांब ठेवते. कॅटनिप, म्हणजे मांजरांना नादावणारी एक वनस्पती, दिली की लोळतो. यातलं कशालाच चौदा पानांचा अहवाल लागत नाही. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर परत करा. सल्ला देणारा मांजराला हात न लावता रोग सांगत असेल तर उठा. बाटली फेकू नका, मेसेज पुसू नका, मी अर्धे रागात पुसले आणि आता तेच मागतायत.

काल नव्या नंबरावरून मेसेज आला. ‘ताई, आमची ढब्बू कशी आहे? दुसऱ्या टप्प्यावर तिच्यासाठी 20 टक्के सूट.’