फिजिऑलॉजिकल सोसायटीचे जुने अंक

मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवते. १८७६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या फिजिऑलॉजिकल सोसायटीकडून मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’चे जुने अंक. थेट १८७८पासूनचे, इंटरनेटवर, फुकट!

हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांचे १९५२चे निबंध मी वर्गात पडद्यावर लावते. माकुलाच्या (स्क्विड या समुद्री प्राण्याच्या) जाड चेतातंतूवर विद्युतदाब स्थिर धरून त्यांनी सोडियम आणि पोटॅशियमचे प्रवाह वेगळे काढले. ते मूळ आलेख बघितले की मुलं आपणहून प्रश्न विचारतात. गाइडमधल्या आकृतीने हे कधीच होत नाही. गणित अवघड आहे, पण भाषा स्वच्छ. स्कॅन केलेली पानं मोबाइलवर वाचवत नाहीत, छापूनच घ्या.