गूगल फॅमिली लिंक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दहा वर्षांच्या मुलाच्या हातात स्वतःचा फोन देण्याची वेळ आली, तेव्हा त्या फोनला निदान एखादे कुंपण असावे, एवढ्याच हेतूने आम्ही गूगलचे फॅमिली लिंक हे मुलाच्या फोनवर पालकांना देखरेख ठेवू देणारे अ‍ॅप घेतले. २०१७ पासून उपलब्ध असलेले हे अ‍ॅप विनामूल्य आहे. पालकाने ते आयफोनवर घेतले तरी चालते. मात्र मुलाचे उपकरण अँड्रॉइड किंवा क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप) असावे लागते, कारण मुलाच्या आयफोनवर किंवा आयपॅडवर फॅमिली लिंकचे वेळेचे निर्बंध लागू होत नाहीत आणि तिथे अ‍ॅपलची २०१८ मध्ये आलेली ‘स्क्रीन टाइम’ ही सोयच वापरावी लागते. मुलाचे खाते पालकाच्या खात्याशी जोडणे थोडे वेळखाऊ असले तरी अवघड नाही. अवघड प्रश्न त्यानंतर येतो.

तो प्रश्न म्हणजे दैनंदिन मर्यादा किती ठेवायची. अ‍ॅप आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळा आकडा मागते, पण तो कसा ठरवावा हे पालकांवरच सोडते, आणि बाहेरही तयार उत्तर मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे पाच वर्षांखालील मुलांपुरती आहेत : पहिल्या वर्षात पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको. त्याहून मोठ्या मुलांसाठी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ च्या शिफारशींत तासांचा आकडा दिलेलाच नाही. झोप, शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांच्या वेळेवर अतिक्रमण होऊ नये आणि निजण्यापूर्वीचा तासभर पडदा बंद असावा, असे तिचे म्हणणे आहे. मला हे म्हणणे पटले, म्हणून आम्ही उलटा हिशेब केला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते; सकाळी साडेसहाला उठायचे म्हणजे उशिरात उशिरा साडेनऊला निजायला हवे, आणि म्हणून फोन साडेआठला बंद व्हायला हवा.

हे काम अ‍ॅपमधील ‘डाउनटाइम’ ही सोय करते, आणि माझ्या मते संपूर्ण अ‍ॅपमध्ये सर्वांत मोलाची सोय हीच आहे. ठरलेल्या वेळी फोन कुलूपबंद होतो, तरी आलेला फोन घेता येतो आणि आणीबाणीचा क्रमांकही लावता येतो. ही वेळ रोज तीच असल्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून त्यावर घासाघीस झाली नाही. ‘आता पुरे’ हे वाक्य माझ्या तोंडून निघायचे थांबले, ही माझ्यासाठी छोटी गोष्ट नव्हती.

दैनंदिन मर्यादेबद्दल मात्र मी इतके निःशंकपणे चांगले बोलणार नाही. वेळ संपण्यापूर्वी पंधरा, पाच आणि एक मिनिट आधी मुलाला सूचना मिळते, पण समोर काय चालले आहे याच्याशी घड्याळाला कर्तव्य नसते. पहिल्याच आठवड्यात मुलाने पाच मिनिटांची सूचना आल्यानंतर खेळाचा नवा सामना सुरू केला आणि जिंकण्याच्या बेतात असताना पडदा बंद झाला. तो फोन उशीवर आपटून बराच वेळ तोंड फिरवून बसला होता. त्याची चूक होती हे खरे, पण पाच मिनिटांत सामना संपत नाही हे त्याला आधी सांगायला मी विसरले होते. त्यानंतर आम्ही एक नियम कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला : पाच मिनिटांची सूचना आली की नवा डाव मांडायचा नाही. रुसवे त्यानंतर कमी झाले.

शिवाय चित्र काढण्यात गेलेला अर्धा तास आणि छोटे व्हिडिओ एकामागून एक सरकवण्यात गेलेला अर्धा तास ही मर्यादा एकाच मापाने मोजते. त्यावर उपाय आहे, पण तो शोधून लावावा लागतो : प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र मर्यादा घालता येते आणि काही अ‍ॅप्सना ‘नेहमी परवानगी’ देता येते. आम्ही चित्रकलेचे आणि शब्दकोशाचे अ‍ॅप मोकळे ठेवले आणि व्हिडिओला वीस मिनिटांवर आणले. असे केल्यावरच मर्यादेला काही अर्थ आला. कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला हे पालकाला दिसते; रविवारी ते मुलासोबत बसून पाहावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण त्याला स्वतःलाही आपल्या आकड्यांचे आश्चर्य वाटते.

नवे अ‍ॅप घेण्यापूर्वी पालकाची मंजुरी मागणारी सोय चोख आहे. गूगलच्या क्रोम ब्राउझरमधील अश्लील संकेतस्थळे अडवणाऱ्या गाळणीवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये. कोणतीही गाळणी परिपूर्ण नसते, हे खुद्द गूगलही सांगते. देखरेखीखालील खात्यावर क्रोमची इनकॉग्निटो खिडकी, म्हणजे पाहिलेल्या पानांची नोंद न ठेवणारी खिडकी, उघडत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

खरी भगदाडे आमच्याच घरात होती. आजीच्या फोनला ना मर्यादा होती ना डाउनटाइम, आणि दिवाणखान्यातल्या दूरदर्शन संचाचा हिशेब फॅमिली लिंककडे नसतोच. माझे स्वतःचे भगदाड म्हणजे ‘बोनस टाइम’, म्हणजे मर्यादेच्या वर पालकाने दिलेला वाढीव वेळ. मी कामाच्या बैठकीत असताना मुलाने दारातून दोन बोटे वर करून वीस मिनिटे मागायची आणि मी बैठकीत व्यत्यय नको म्हणून अंगठा टेकवून ती द्यायची, असा महिनाभर आमचा मूक करार होता. अ‍ॅपने त्यात काहीच चुकीचे केले नाही. मागितले तेवढे दिले. आता बोनस फक्त शनिवारी आणि तोही आधी ठरवून मिळतो.

एक बाब मी उशिरा शिकले. दैनंदिन मर्यादा प्रत्येक उपकरणावर वेगळी मोजली जाते : एक तास ठेवला, तर फोनवर एक तास आणि टॅबवर पुन्हा एक तास. मदतपानावर हे स्पष्ट लिहिले आहे, पण मी ते वाचले नव्हते. मुलाने मात्र प्रयोग करून शोधून काढले आणि तीन आठवडे त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. हे लक्षात आल्यावर आम्ही दोघांनी मिळून तासाची वाटणी केली : फोनला चाळीस मिनिटे आणि टॅबला वीस. परवा तो टॅबवरची वीस मिनिटे कमी करून फोनला द्या, असा रीतसर प्रस्ताव घेऊन आला, आणि त्यासाठी त्याने आठवड्याची बेरीज वहीत मांडून आणली होती.