कोरियाच्या ‘ई-सिम आणि नकाशा किट’मध्ये गेलेले १,४१,९५७ रुपये

रक्कम आधीच सांगते, म्हणजे दर वेळी “किती गेले?” ऐकायला नको. १,४१,९५७ रुपये ६४ पैसे. यातले ७,४९४ मी स्वतः यूपीआयने भरले. १,२९,१३०.५५ क्रेडिट कार्डावरून उडाले. आणि ५,३३३.०९ माझ्याच बँकेने परदेशी व्यवहाराचा मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, आणि त्यावरचा जीएसटी म्हणून लावले. हो, बरोबर वाचलंत. चोरीवरही साडेतीन टक्के.

मी अकाउंट्समध्ये काम करते. दिवसभर लोकांची बिलं तपासते, एक रुपया इकडचा तिकडे झाला तरी मला दिसतो. ओटीपी मी कुणालाही दिलेला नाही, कुठलं अ‍ॅप उतरवलेलं नाही, स्क्रीन शेअर केलेली नाही. केवायसीवाले, कुरिअरवाले, डिजिटल अरेस्टवाले, सगळ्यांना फोनवर झापून झालंय. पण मला फसवणारी मंडळी त्या वाटेने आलीच नाहीत. प्रवासाच्या तयारीत आपण आपल्या हाताने जी कुलपं उघडतो, त्यांतूनच ती आत शिरली.

ऑक्टोबर २०२४मध्ये आम्ही तिघं दक्षिण कोरियाला निघालो होतो. मी, नवरा आणि मुलगी. ज्यांनी त्या देशाची तयारी केलीय त्यांना ठाऊक असेल की तिथे गुगल मॅप्सचा एक हात बांधलेला होता. मेट्रो-बस दाखवायचं, पण पायी कसं जायचं, गाडीने कसं जायचं, हे धड सांगायचं नाही. कारण तिथल्या सरकारने बारीक तपशिलाचा नकाशा देशाबाहेरच्या सर्व्हरवर न्यायला परवानगी दिलेली नव्हती. २००७ला नाही म्हटलं, २०१६ला पुन्हा नाही म्हटलं. उत्तर कोरिया शेजारी असल्यामुळे सुरक्षेचं कारण. हे सगळं खरं आहे, मी वाचून खात्री केली होती. आणि ज्या वेबसाइटवरून मी किट घेतलं तिच्यावर पहिल्याच ओळीत तेच लिहिलेलं होतं: “कोरियात तुमचा नेहमीचा नकाशा चालणार नाही.” खोटं बोलणारा माणूस सुरुवात खऱ्यापासून करतो तेव्हा त्याला पकडायचं कसं, हे मला कुणीतरी सांगावं.

वेबसाइट सर्चमध्ये जाहिरात म्हणून सगळ्यात वर आली होती. ‘कोरिया ट्रॅव्हल किट’. दहा दिवसांचं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता कोड स्कॅन करून फोनमध्ये जोडायचं सिम, १,४९९ रुपये, ऑफलाइन नेव्हिगेशनचं लायसन्स ९९९ रुपये, दोन्ही दर फोनमागे. तीन फोनचे ७,४९४. फुकटात पडल्यासारखी किंमत असती तर मला संशय आला असता. ही किंमत अगदी रास्त होती, बाजारात चालते तेवढी.

इथे एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. नेव्हर मॅप हे कोरियाचं नकाशाचं अ‍ॅप फुकट आहे. तसंच काकाओमॅपही फुकट आहे. दोन्ही इंग्रजीत चालतात आणि कोरियातले लोक स्वतः तेच वापरतात. कोरियाच्या नकाशासाठी कुणी ‘लायसन्स’चे पैसे मागितले की फोन ठेवा. मला ‘लायसन्स’ म्हणून काय आलं माहितेय? सोलच्या मेट्रोच्या नकाशाची एक पीडीएफ. तीनदा. मोठी केली की अक्षरं फुटत होती, आणि स्टेशनांची नावं सोडा, कुठल्या लाइनचा आकडा कुठला हेही वाचता येत नव्हतं.

पैसे भरल्यावर एका मुलाचा व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल आला. स्वच्छ मराठी, अतिशय अदबीने. “ताई, अ‍ॅक्टिवेशन मी स्वतः करून देतो, तुम्हाला काहीच टेन्शन नाही.” त्याने एकदाही फोनचं मॉडेल विचारलं नाही, आणि हे मला नंतर सुचलं. नवऱ्याच्या फोनमध्ये ई-सिमची सोयच नाही. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केलं की ज्या फोनला ई-सिम चालतं त्यात आयएमईआयबरोबर (फोनचा ओळख क्रमांक) ईआयडी नावाचा एक लांबलचक नंबर दिसतो. ह्यांच्या फोनमध्ये तो दिसतच नाही. खरा विक्रेता आधी “तुमचा फोन चालेल का ते बघा” म्हणतो, मग पैसे घेतो. याने बेलाशक तीन फोनचे घेतले.

मग क्यूआर कोड आला. आता जरा नीट वाचा, कारण हेच ते ठिकाण. ई-सिमचा कोड स्कॅन केला की फोन स्वतःच सिम जोडण्याचा पडदा दाखवतो, सिमच्या सेटिंगमधला. माझ्या फोनने काय उघडलं? ब्राउझर. वर कंपनीचा लोगो, खाली “प्रोफाइल व्हेरिफिकेशन”, आणि कार्डाचा नंबर भरायची चौकट. ब्राउझर! सिम जोडायला ब्राउझर कशाला लागतो? रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तेवढी एक चौकट दिसते, राखाडी कडा आणि आत फिकट अक्षरांत “१२३४ ५६७८”.

त्याचं उत्तर तयार होतं. “कोरियन नेटवर्कला विदेशी ग्राहकाचं कार्ड तपासावं लागतं ताई. एक डॉलर कापतील, तोही परत येतो.” आता तुम्ही म्हणाल, कार्डावरचा गुप्त आकडा, सीव्हीव्ही, दिलाच कसा? अहो, त्याच आठवड्यात हॉटेल बुक करताना परदेशी साइटला मी तेच सगळं दिलं होतं. नंबर, तारीख, सीव्हीव्ही. ओटीपी आला नाही, बुकिंग झालं, हॉटेलही खरं निघालं. परदेशी वेबसाइटवर बऱ्याचदा ओटीपी लागतच नाही. “ओटीपी देऊ नका, ओटीपी देऊ नका” हे वर्षानुवर्षं आपल्या कानावर आदळलंय. पण ओटीपीशिवाय पैसे जातात, हे मला कुठल्याही बँकेच्या मेसेजने सांगितलेलं नाही.

आणि हेही लक्षात घ्या की एरवी हा डाव चाललाच नसता. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२०पासून नवीन कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच असतात, आपण सुरू केले तरच होतात. मी ते हॉटेलसाठी सुरू केले होते आणि प्रवासात अडकायला नको म्हणून मर्यादा दोन लाखांवर नेऊन ठेवली होती. कोरियाचं सिम शोधणारा माणूस म्हणजे ज्याच्या कार्डाचं ते बटण चालू असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, असा माणूस. त्या लोकांना गिऱ्हाईक शोधायची गरजच नाही, आपणच सर्च करून त्यांच्या दारात जातो. बटण बुकिंगपुरतं चालू करा, लगेच बंद करा. मर्यादा पाच-दहा हजारांवर ठेवा. विमानतळावर उतरल्यावरही वाढवता येते, अ‍ॅपमधून मिनिटभराचं काम आहे.

पुढची चाल तर अशी होती की राग बाजूला ठेवला तर दाद द्यावी लागेल. “ताई, आता मूळ सिम सेटिंगमधून बंद करा, नाहीतर दोन प्रोफाइल क्लॅश होतात. वाय-फाय चालू ठेवा. अर्धा तास फोनला हात लावू नका.” मुलगी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “आई, दोन्ही सिम एकत्र चालतात ना? माझ्या फोनमध्ये तर चालतात.” मी तिला गप्प केलं. “तो कंपनीचा माणूस आहे, त्याला जास्त कळतं की तुला?” हे वाक्य घरात आता मला कधीही, कुठल्याही संदर्भात ऐकवलं जातं.

मूळ सिम बंद, म्हणजे बँकेचा एसएमएस बंद. एवढंच काम होतं त्याचं. ई-मेल अलर्ट जुन्या पत्त्यावर जातो, तो मी आठवड्यातून एकदा उघडते. बँकेच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन मी बंद ठेवलं होतं, कारण त्यावर दिवसाला चार वेळा पर्सनल लोनच्या ऑफर येतात. अलर्ट आणि जाहिरात एकाच भोंग्यातून वाजवायची आणि मग ग्राहकाने लक्ष दिलं नाही म्हणायचं!

५ वाजून ११ मिनिटांनी मी सिम चालू केलं. धडाधड मेसेज. ४.३८ला ४८,६१२.४०. ४.४१ला पुन्हा ४८,६१२.४०. दोन्ही मी कधी नाव न ऐकलेल्या परदेशी दुकानावर. ५.१३ला मी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा. कार्डासाठी दोन दाबा. कार्डाचे शेवटचे चार आकडे टाका. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्या पिपाणीसारख्या संगीतात मी उभी असताना, ५.१९ला, तिसरा मेसेज आला: ३१,९०५.७५. कार्ड ब्लॉक झालं ५.२६ला.

हे तेरा मिनिटांचं गणित बँकेला समजायला महिने लागले. त्यांचं म्हणणं, तक्रारीची वेळ म्हणजे कार्ड ब्लॉक झाल्याची वेळ. माझं म्हणणं, मी फोन लावला ती वेळ. तुम्ही उचलला नाहीत हा माझा दोष नाही. रिझर्व्ह बँकेचं त्या वेळी लागू असलेलं ६ जुलै २०१७चं परिपत्रक काढून वाचा, प्रत्येकाने वाचायलाच हवं. ग्राहकाने निष्काळजीपणाने तपशील दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. मला आलेल्या पहिल्या उत्तरात यातलं काहीच नव्हतं. एक छापील परिच्छेद होता: तपासाअंती व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाल्याचे आढळले. तपास कुणी केला, काय तपासलं, माझ्याशी कोण बोललं? शाखेत गेले तर मॅनेजर म्हणतात क्रेडिट कार्ड विभाग वेगळा. कार्ड विभागाला लिहिलं तर म्हणतात शाखेत अर्ज द्या. अर्ज दिला तर त्यावर पोहोच द्यायला शिक्का सापडेना. शिक्का! माणसाचे लाखभर रुपये गेलेत आणि ड्रॉवरमध्ये शिक्का शोधताहेत. मी तिथेच बसून राहिले, उठलेच नाही, तेव्हा सापडला.

पोलिसांचं वेगळंच. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लागला, तक्रार क्रमांक मिळाला, यूपीआयच्या ७,४९४पैकी २,३१० रुपये समोरच्या खात्यात गोठवलेही गेले. पैसे गेल्याचं कळल्याबरोबर १९३० लावा, आधी नातेवाइकांना नाही. पण पुढे एफआयआरसाठी ठाण्यात गेले तर तिथे म्हणाले सायबर सेलला जा. सायबर सेल म्हणे रक्कम बसत नाही, ठाण्यातच द्या. ठाण्यात परत आले तर हवालदारसाहेब म्हणतात, “मॅडम, कोरियाचा मामला ना? मग तिकडेच तक्रार करा की.” मराठीत बोलणारा चोर, भारतीय यूपीआय खातं, माझ्या घरातला वाय-फाय, आणि मामला कोरियाचा! हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्याने नोंदवून घ्यायची असते, नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये ते स्पष्ट आहे. मी कलम सांगितलं तर उत्तर आलं, “तुम्ही एवढ्या शिकलेल्या, मग फसलात कशा?” मग स्क्रीनशॉटचे प्रिंट आणा. आणले. काळे-पांढरे चालत नाहीत, रंगीत आणा. रंगीत आणले तर साहेब बंदोबस्ताला.

स्क्रीनशॉट मात्र लगेच काढा हो. त्या मुलाने संध्याकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवरचे आपले मेसेज डिलीट केले होते. माझ्याकडे राहिले ते फक्त मुलीने तिच्या फोनने माझ्या स्क्रीनचे काढलेले फोटो. आणि स्वतःच्या फोनमधला कॉल लॉगही जपा, त्या ५.१३च्या नोंदीवरच माझं पुढचं सगळं भांडण उभं राहिलं.

गोठवलेले २,३१० सोडवायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागायचा. वकिलांनी फी सांगितली, मी उठून आले.

प्रवासाला आम्ही गेलो, तिकिटं परत होत नव्हती म्हणून. नवऱ्याच्या कार्डावर, मर्यादा कमी ठेवून. सिम इंचॉनच्या विमानतळावर काउंटरवरून घेतलं, समोरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, सिम घातलं, चालू करून हातात दिलं. कुणी सीव्हीव्ही विचारला नाही. ज्यांना आधीच ई-सिम हवं असेल त्यांनी घरच्या वाय-फायवर जरूर जोडा, पण मूळ सिम चालू ठेवून. फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवा. नेव्हर मॅपने रस्ते दाखवले, एक-दोनदा चुकलो तेही आमच्याच घाईने.

बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याला, कॉल लॉग, परिपत्रक आणि तिन्ही मेसेज जोडून लिहिल्यावर शेवटी तिसरा व्यवहार परत आला, ३१,९०५.७५. पहिल्या दोन्हींना नकार कायम. तेवढ्यावरही मी गप्प बसले असते एखादे वेळी, पण त्यांनी व्यवहार परत केला आणि त्यावरचा मार्कअप ठेवून घेतला. १,११६.७० अधिक जीएसटी २०१.०१. जो व्यवहार माझा नव्हता असं बँकेने स्वतः लेखी मान्य केलं, त्याच्यावरचं शुल्क माझं कसं? बँकेला तक्रार केल्यापासून तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १,३१७ रुपये ७१ पैशांची ती तक्रार मी लिहून ठेवलीय, तारीख उलटली की टाकतेय.

ती वेबसाइट बंद झाली. तोच लोगो, तीच अक्षरं, तोच पीडीएफचा फोटो घेऊन दुसऱ्या नावाने उघडलीही. आता तिथे ‘जपान ट्रॅव्हल किट’ आहे, ई-सिम १,५९९ला.