चालत जावं की सायकलने? आधी वाटेतले चौक मोजा

स्कूटर घरी ठेवून ऑफिसला किंवा मंडईत जायचं ठरवलंय, पण चालावं की सायकल काढावी हे ठरत नाही. अंतराचा हिशेब सोपा आहे: दीड-दोन किलोमीटर पायी, त्यापुढे सहा-सातपर्यंत सायकल. पण पुण्यात मी अंतराआधी चौक मोजायला सांगेन, कारण जास्त धोका तिथेच असतो.

पेठांमध्ये चालणंच बरं. संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर सायकल हातात धरूनच न्यावी लागते. बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता एकेरी. वळसा नको म्हणून सायकलवाले उलटे घुसतात आणि समोरून येणाऱ्या बसपुढे सापडतात. पायी माणूस बोळातून निघून जातो.

फुटपाथ मात्र बघून घ्या. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार तो किमान १.८ मीटर रुंद आणि फार तर १५ सेंटिमीटर उंच हवा. जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस फुटपाथ आहेत, तिथे आजी-आजोबांनाही निर्धास्त चालता येतं. असे फुटपाथ प्रत्येक रस्त्याला मिळायला हवेत, तो आपला हक्क आहे. इतरत्र दर सोसायटीच्या फाटकाशी उतरा, पुन्हा चढा. गुडघे दुखत असतील तर अशा रस्त्यावर चालण्यापेक्षा सायकल सोपी जाते.

कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापासून डेक्कन साधारण साडेतीन किलोमीटर. पायी पाऊण तास, सायकलने वीस मिनिटं. इथे मी सायकलच निवडेन, पण नळ स्टॉपला उड्डाणपुलावर न चढता खालून जाईन आणि पुढे कर्वे रस्ता सोडून लॉ कॉलेज रस्त्यामार्गे प्रभात रस्ता धरेन. थोडं लांब पडतं, पण झाडं आहेत आणि बस कमी. उभ्या गाड्यांपासून हातभर नव्हे, चांगलं मीटरभर अंतर ठेवा. रिक्षातून किंवा कारचं दार उघडून कोण कधी उतरेल सांगता येत नाही. सायकल ट्रॅकच्या भरवशावर मार्ग ठरवू नका, ते मध्येच तुटतात आणि त्यांवर गाड्या उभ्या असतात.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल, तर सायकलवरून उतरा आणि झेब्रा क्रॉसिंगवरून दोन टप्प्यांत पायी जा. पायी माणसाला खरा त्रास डावीकडे वळणाऱ्या गाड्यांचा. त्या सिग्नल लाल असतानाही वळतात, म्हणून हिरवा माणूस दिसला तरी आधी उजवीकडे मान वळवा. पीएमपीच्या बसच्या किंवा टँकरच्या डाव्या कुशीत सायकल घालू नका, चालकाला तुम्ही दिसत नाही.

मुसळधार पावसात सायकल नको. पाण्याखालचा खड्डा आणि चेंबरचं उघडं तोंड दिसत नाही. बस किंवा मेट्रो घ्या, उरलेलं चाला. अंधार पडल्यावर मागे लाल दिवा नसेल तर सायकल काढू नका.

रविवारी सकाळी मार्ग पाहिलात तर काहीच कळणार नाही. कामाच्या दिवशी, सहाच्या गर्दीत, आधी पायी जाऊन या. अवघड चौक कुठले ते कळेल, मग सायकलचा मार्ग ठरवा.