बीट, पालक, गाजर की गोकर्ण? मुलांच्या रंगीत नाश्त्याचा हिशोब

मुलांसाठी रंगीत नाश्ता करायचा म्हटलं की आपण बहुतेक वेळा भाजीपासून सुरुवात करतो. घरात बीट आहे, चला गुलाबी इडली करू. पालकाची जुडी सुकत चाललीय, चला हिरवा ढोकळा. मग इडलीपात्राचं झाकण उघडलं की गुलाबी इडली मातकट झालेली असते आणि मूल विचारतं, हे काय आहे?

माझं म्हणणं, क्रम उलटा करा. आधी पदार्थ ठरवा. तो आंबवलेला आहे का, त्यात सोडा पडणार आहे का आणि तो विस्तवावर किती वेळ राहणार, एवढं बघा आणि मग रंग निवडा. शिवाय तो ताटात गरम गरम खाल्ला जाणार की मधल्या सुट्टीत डब्यातून, हेही आधीच ठरवून टाका. ताटातला रंग पाच मिनिटं टिकला तरी पुरतो, डब्यातला तीन-चार तास टिकावा लागतो.

बीट: दिसायला जोरकस, टिकायला नाजूक

बिटाचा रंग पाण्यात लगेच उतरतो, म्हणून मिक्सरच्या भांड्यात तो फारच आशादायक दिसतो. आंबटपणा त्याला चालतो, उलट मानवतो. जास्त वेळची उष्णता मात्र सोसत नाही आणि खायचा सोडा तर मुळीच नाही. रव्याच्या झटपट इडलीत फ्रूट सॉल्ट घालून दहा-बारा मिनिटं वाफवलं की पिवळट तपकिरी इडली हातात येते. नीट आंबवलेल्या उडीद-तांदळाच्या पिठात गोष्ट जरा बरी, कारण त्या पिठाला स्वतःचा आंबटपणा असतो. तिथेही बिटाचा रस इडल्या लावायच्या अगदी आधी मिसळायचा, रात्री पीठ आंबवायला ठेवताना नाही. एवढं सांभाळूनही घातलेल्या रंगाहून फिकीच छटा मिळते, हे धरून चाला.

बिटासाठी खरी जागा म्हणजे घावन. अर्धं लहान बीट किसून थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवायचं आणि गाळून घ्यायचं. एक वाटी तांदळाच्या पिठाला हा रस धरून एकूण पावणेदोन ते दोन वाट्या पाणी लागतं. मीठ, थोडं जिरं आणि अर्धा चमचा लिंबाचा रस. लिंबाने रंग धरून राहतो आणि कच्च्या बिटाचा तो मातीचा वास मरतो. पीठ ताकाइतकं पातळ हवं आणि प्रत्येक वेळी तळापासून ढवळून घ्यायला हवं, नाहीतर शेवटचं घावन लाल आणि जाड होतं. बिडाचा तवा कडकडीत तापवून कडेकडून मध्याकडे पीठ ओतायचं. पडताक्षणी जाळी उमटते. झाकण ठेवून मिनिटभर, झाकण काढून आणखी थोडा वेळ, की घावन कडेने सुटतं. भोकांच्या भोवती गडद गुलाबी, मध्ये फिकट, आणि जिथे कुरकुरीत झालं तिथे तपकिरी. मोठ्या माणसालाही मोह व्हावा असं दिसतं. तव्यावर जेमतेम दोन मिनिटं जातात, म्हणून रंग वाचतो.

डब्यात मात्र घावन चिवट होतं. ते घरी खायचं. डब्यातच बीट द्यायचं असेल तर बिटाच्या पुऱ्या करा. पुरी तेलात फार थोडा वेळ असते, त्यामुळे रंग बऱ्यापैकी राहतो, आणि थंड झालेली पुरीही मुलं खातात.

लाल माठाचा रंगही बिटाच्याच कुळातला. त्याच्या पाल्याला सुटलेलं गुलाबी पाणी भाताला लागलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. तेच पाणी घावनाच्या पिठात चालतं, पण मुद्दाम माठ आणून एवढा खटाटोप करावा असं मला वाटत नाही.

पालक: बिटाच्या बरोब्बर उलट

बिटाला आंबट मानवतं, पालकाला आंबट म्हणजे शत्रू. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की पानातल्या हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि रंग मेंदीच्या पाल्यासारखा होतो. म्हणून आंबवलेल्या पिठाची पालक इडली, दह्यात भिजवलेल्या रव्याचा पालक उपमा, लिंबू पिळलेलं पालकाचं धिरडं, हे सगळे चवीला ठीक असले तरी रंगाच्या परीक्षेत नापास. चिमूटभर सोड्याने हिरवा रंग झगमगतो हे खरं, हॉटेलांत ही युक्ती चालते. पण त्याने क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं नासतात. पौष्टिक म्हणून पालक घालायचा आणि वर सोडा टाकायचा, याला काही अर्थ नाही.

पालक पुरीत घाला. पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर, भांडं उघडं ठेवून, आणि लगेच थंडगार पाण्यात. उघडं अशासाठी की पानांतली आंबट द्रव्यं वाफेबरोबर निघून जातात. झाकण ठेवलं तर ती परत पाण्यात पडतात. मग आलं-मिरचीबरोबर वाटायचं, वाटताना वेगळं पाणी घालायचं नाही, आणि त्या वाटणातच मावेल तेवढी कणीक, मीठ, ओवा, चमचाभर तेल घालून घट्ट मळायचं. पीठ सकाळी मळा. रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवलेला पालकाचा गोळा सकाळी काळपट दिसतो. वेळ वाचवायचा असेल तर नुसतं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि सकाळी दोन खडे काढा. रंग छान राहतो.

एक मात्र सांगायला हवं. दोन पुऱ्यांतून जाणाऱ्या चमचाभर पालकाने मुलाचं लोह भरून निघत नाही. पालकातलं लोह शरीराला मुळातच कमी मिळतं. पुरीबरोबर पेरू किंवा संत्र्याच्या फोडी दिल्या तर त्यातल्या क जीवनसत्त्वाने थोडी मदत होते, तीही पुरीबाहेर, म्हणजे रंगाला धक्का नाही. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर शिजवलेला पालक किंवा बीट बाहेर तासन् तास ठेवून त्याला भरवू नका. त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि तान्ह्यांना ते बाधू शकतं. ताजं करा, लगेच संपवा.

गाजर आणि लाल भोपळा: बिनतक्रार

यांचा रंग तेलातुपात विरघळणारा आणि उष्णतेला दाद न देणारा. आंबट असो, सोडा असो, वीस मिनिटांची वाफ असो, नारिंगी तो नारिंगीच राहतो. रोज सकाळी साडेसहाला उठून डबा करणाऱ्यांनी डोळे मिटून हाच रंग निवडावा. आंबवलेल्या पिठाची इडली आणि आप्पे यांसाठी तर दुसरा विचारच नको. फक्त किसलेलं कच्चं गाजर घातलं तर ठिपके दिसतात, रंग नाही. सबंध इडली नारिंगी हवी असेल तर गाजर उकडून बारीक वाटून घाला, आणि पाणी तेवढं कमी करा. आप्प्यांना प्रत्येक खळग्यात तेल किंवा तूप पडतंच. त्या स्निग्धाने गाजरातलं कॅरोटीन अंगी लागतं, हा फायदा वाफवलेल्या कोरड्या इडलीला कमी मिळतो. इडलीवर तूप सोडा, झालं.

भोपळ्याची बाब तर आपल्या घरात जुनीच आहे. घारगे काय वेगळं असतं? भोपळ्याचा कीस गुळाबरोबर शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, किंचित मीठ, वेलची, आणि पुरीहून जरा जाड लाटून तळायचं. दोन दिवस बाहेर टिकतात, प्रवासात चालतात, डब्यात मऊ राहतात. गुळामुळे रंग तांबूस होतो, झगझगीत नारिंगी नाही. कोकणातलं सांदणही तसंच: एप्रिल-मे महिन्यात हापूसचा किंवा फणसाचा रस, तांदळाचा रवा, नारळाचं दूध आणि गूळ, आणि वाफेवर पिवळंधमक. रंगीत नाश्ता ही काही फोनवर बघून शिकायची गोष्ट नव्हती. चोवीस तास सगळंच पांढरं आणि मैद्याचं व्हायला लागल्यावर ती नवी वाटायला लागली.

हळद स्वस्त, सोपी, पोह्यांत आणि उपम्यात ठरलेली. तिचं एकच वेड आहे: सोडा लागला की ती लाल होते. ढोकळ्यावर लाल ठिपके पडतात ते सोडा नीट न मिसळल्यामुळे. हळदीला चुना लावून कुंकू होतं, तोच हा प्रकार.

गोकर्ण: रविवारचा खेळ

निळा रंग स्वयंपाकघरातल्या भाज्यांत जवळजवळ नाहीच, म्हणून गोकर्णीच्या फुलांचं एवढं कौतुक. मलेशियात केलांतानच्या नासी केराबू या भाताला ह्याच फुलांचा निळा रंग देतात. आपल्याकडे वेल कुंपणावर पडून असतो. आठ-दहा फुलांचे हिरवे देठ काढून पाकळ्या अर्धी वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवल्या की गडद निळं पाणी मिळतं. पाकळ्याच घ्यायच्या, कारण या वेलाच्या बिया आणि मुळं रेचक असतात. आणि कुठल्याही रस्त्याकडेच्या, फवारणी झालेल्या वेलाची फुलं नकोत.

चव शून्य, पोषण म्हणाल तर एवढ्याशा पाण्यात नावालाच. मग कशाला? मुलाला हातात द्यायला. तांदळाच्या शेवया या निळ्या पाण्यात शिजवा, किंवा रवा तांबूस न करता नुसता गरम करून पांढरा उपमा या पाण्यात करा, हळद न घालता. ताटलीत वाढा आणि लिंबाची फोड मुलाच्या हातात द्या. जिथे थेंब पडतो तिथे निळ्याचा जांभळा होतो, आणखी पिळलं की गुलाबीकडे झुकतो. जो मुलगा उपम्याकडे बघत नाही तो स्वतः जांभळ्या केलेल्या भागाचे दोन घास तरी घेतो. याचं मुलांना इतकं वेड लागतं की उरलेल्या उपम्यातही लिंबू पिळून तो आंबटढाण करून ठेवतात. फोड लहान द्या.

डब्यासाठी गोकर्णीची निळी इडली करता येते, रंग वाफेतही बऱ्यापैकी राहतो. पण वर्गात निळी इडली उघडणं प्रत्येक मुलाला आवडतंच असं नाही. आधी विचारून घ्या.

कोनफळाचा जांभळा रंग याच जातीचा, आणि त्यात पोटभर कंदही आहे. थंडीत मिळालं तर उकडून, कुस्करून त्याच्या टिक्क्या किंवा थालीपीठ करा. सोड्यापासून दूर ठेवा, नाहीतर निळा-हिरवा होतो.

नाचणी: रंग म्हणून कुणी धरत नाही

नाचणीचा तपकिरी रंग घालावा लागत नाही, तो पिठाचाच असतो, म्हणून तो न उडतो न सुकतो. आणि बाकी सगळ्या रंगांमध्ये चमचाभर भाजी जाते, इथे अख्खं धान्य बदलतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आत. नाचणीच्या घावनात किंवा डोशात केळं कुस्करून किंचित गूळ घातला की ते ‘चॉकलेट डोसा’ या नावाने खपतं. हे खोटं नाव मला खटकत नाही, तुम्हाला खटकत असेल तर नुसतं नाचणीचं घावन म्हणा. पोषणासाठी एकच निवडायचा असेल तर मी हाच निवडेन, दिसण्यासाठी निवडायचा तर बीट.

डब्यातले रेडीमेड रंगीत गोळे

दुधात घालून खायच्या रंगीत सीरियलच्या गोळ्यांच्या पाकिटावर घटक वाचा. तिथे प्रत्येक रंगाचा एक क्रमांक दिलेला असतो. १०० म्हणजे हळदीचा रंग, १४० हरितद्रव्य, १६० ए कॅरोटीन, १६२ बीट. १०२, ११०, १२२, १२४ हे कृत्रिम. २००७ साली साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि मुलांचा चंचलपणा यांचा संबंध तपासला गेला, आणि युरोपीय संघाने २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांबद्दलची सूचना छापणं बंधनकारक केलं. आपल्याकडे त्यातले काही ठरावीक मर्यादेत चालतात. पण नैसर्गिक रंगाच्या गोळ्यातही साखर तेवढीच असू शकते, तीही ओळ वाचा. बीट किंवा पालकाची तयार पूड मात्र घाईच्या घरात वाईट नाही, घटकांत फक्त तीच भाजी असेल तर.

आता निवड करायची तर अशी. शाळेच्या दिवशी डब्यात गाजराचे आप्पे, घारगे किंवा पालकाच्या पुऱ्या. घरी गरम खायचं तेव्हा बिटाचं घावन. गोकर्ण सुट्टीच्या दिवशी, घाई नसताना. नाचणी कधीही. मूल हिरवं बघूनच तोंड फिरवत असेल तर पालकाने सुरुवात करू नका. गुलाबी आणि नारिंगीला सहसा कमी विरोध होतो. बीट दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी काही मुलांची लघवी गुलाबी दिसते. ते निरुपद्रवी असतं, पण शाळेत ते पाहून मूल घाबरू नये म्हणून आधी सांगून ठेवा.

आणि शाळेचा शर्ट पांढरा असेल तर बिटाचा नंबर सुट्टीच्या दिवशीच लावा. हळदीचा डाग पडलाच तर साबण लावल्यावर तो लाल होईल, त्याने गडबडून जाऊ नका. धुऊन ओलाच शर्ट कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो.