पॉवर बँक: नऊ महिने वापरल्यावर कळलं पैसे नेमके कशात वसूल झाले

नऊ महिन्यांपूर्वी घेतलेली १०००० एमएएचची (किती चार्ज साठतो त्याचं माप) पॉवर बँक माझ्या बॅगेत रोज असते, आणि त्याआधी तिच्यापेक्षा स्वस्तात मिळालेली २०००० वाली कपाटात पडून आहे, म्हणून म्हटलं आता नीट लिहूनच टाकावं.

मोठी घेताना हिशोब सरळ होता, फोनची बॅटरी ५००० ची म्हणजे चार वेळा फुल चार्ज. प्रत्यक्षात तीनच्या वर कधी गेलंच नाही. आधी वाटलं पीस खराब निघाला, मग मागे बारीक अक्षरात बघितलं तर रेटेड कपॅसिटी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी, १२००० एमएएच, ५ व्होल्टला. खोक्यावरचा मोठा आकडा आतल्या सेलचा असतो, ३.७ व्होल्टचा, म्हणजे एकूण ऊर्जा ७४ वॉट-अवर. तेच फोनकडे जाणाऱ्या ५ व्होल्टने मोजलं की १४८०० एमएएच होतात, आणि व्होल्टेज वाढवताना जे गरम होऊन वाया जातं ते वेगळं. जवळपास सगळ्याच कंपन्या असंच छापतात, त्यामुळे तुलना करायची तर रेटेड आकड्याचीच करा.

पण खरा वैताग तो नव्हताच. इनपुट फक्त १० वॉट! रिकामी झाली की भरायला नऊ-दहा तास, रात्री लावायला विसरलो की दुसऱ्या दिवशी विटेएवढं वजन नुसतंच वाहायचं, मग हळूहळू ती सोबत न्यायचंच सुटलं.

नवीला इनपुट १८ वॉटचं, टाइप-सी. तीन तासांच्या आत फुल, आणि सकाळी आवरेपर्यंत अर्धा तास लावली तरी चारपैकी एक दिवा वाढतो. फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा होतो, मला दिवसाला तेवढंच लागतं. बटण दोनदा दाबलं की इअरबड्सपण चार्ज होतात, जुनी तर एवढा कमी करंट बघून आपोआप बंद व्हायची. सातव्या महिन्यात केबल सैल झाली, हलली की चार्जिंग तुटायचं, दुसरी केबल लावल्यावर ठीक आहे, पण सोबत दिलेली केबल एवढ्यात जायला नको होती.

जुनी मी जेमतेम वीसेक वेळा वापरली असेन, नवी दीडशेच्या पुढे गेली. किंमत त्याने भागून बघितली तेव्हा महाग कुठली ते कळलं. जुनी अर्धी चार्ज करून ठेवलीये, लांबच्या प्रवासाला नेईन, १०० वॉट-अवरच्या आत असल्याने विमानात नेता येते, फक्त हँडबॅगेत ठेवायची, चेक-इनमध्ये नाही.