साठ किलोवॅटचा चार्जर आणि गावची डीपी

नागपूरबाहेर ढाब्यावर किंवा पंपावर इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग सुरू करायचं म्हटलं की विक्रेता बहुधा ६० किलोवॅटचा, दोन गनचा (गन म्हणजे गाडीत खुपसायचा प्लग) डीसी फास्ट चार्जर पुढे करतो. यंत्र म्हणून तो वाईट नाही. दोन्ही गन सीसीएस-२ या प्रमाणित प्रकारच्या, त्यामुळे आजच्या बहुतेक गाड्यांना चालतात. आत बहुधा ३० किलोवॅटचे दोन पॉवर मॉड्यूल असतात. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर काम भागतं. शहरात त्याला नाव ठेवायला फारशी जागा नाही. तोच चार्जर कुही-भिवापूरकडे रडतो तेव्हा दोष बहुतेकदा मागच्या लाइनीत असतो.

हिशेब साधा आहे. पूर्ण लोडवर हा चार्जर थ्री फेजवर साधारण ९० अँपिअर ओढतो. ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, ८४ अँपिअरची, म्हणजे ती एकट्या चार्जरलाही पुरत नाही. १०० केव्हीएची १३३ ची. त्यातून ९० गेले की उरलेल्यात पाच एचपीचे सहाच पंप कसेबसे चालतील. म्हणून स्वतंत्र डीपी घ्यावी लागते, आणि तिचा खांब-तारांसह खर्च विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये सहसा नसतो. आधी महावितरणकडून लोडचा अंदाज काढा, बयाणा नंतर.

जोडणी गावठाण फीडरवरून, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या लाइनीवरूनच हवी. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीपाळीनं मिळते, आणि एक फेज गेली तरी चार्जर बंद. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण (पाणी बंद ठेवण्याचा काळ) तोडून पाणी सुरू झालं, की व्होल्टेज कसं लोळतं ते तिथल्या कुठल्याही वायरमनला विचारा. बरेच चार्जर नेहमीच्या ४१५ व्होल्टच्या खाली १५ टक्के, म्हणजे साधारण ३५३ व्होल्टपर्यंत तग धरतात; त्याखाली ट्रिप. म्हणून जागेवरचं व्होल्टेज दुपारी न मोजता पंप चालू असताना मोजावं.

अर्थिंगकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा घेतलेलं रीडिंग छान येतं. मेमध्ये ती हातभर भेगाळते, रोधकता वाढते, आणि चार्जर किंवा गाडी अर्थ फॉल्ट दाखवून चार्जिंग नाकारते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला नळी ठेवा आणि रीडिंग एप्रिल-मेमध्येच घ्या. जुलैचं रीडिंग दाखवून बिल काढणाऱ्या कंत्राटदाराला थोडं थांबवलेलं बरं.

पंचेचाळीस अंशांच्या उन्हात चार्जर स्वतःच पॉवर कमी करतो. ते बिघाडाचं लक्षण नाही. वर पत्र्याचं शेड असावं, पण बाजू मोकळ्या, आणि हवा ओढणारी जाळी पश्चिमेकडे नको. उमरेडकडे कोळशाच्या ट्रकांची धूळ असते, तिथे फिल्टर पंधरा दिवसांनी झटकावाच लागतो. एवढं करूनही ‘चार्जर बंद’ अशी तक्रार आली तर आधी लाल इमर्जन्सी बटण बघा: पोरं दाबून जातात. ते फिरवून वर आणलं की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. पावसात गन चिखलात पडू देऊ नका. पिनांवर ओल राहिली की इन्सुलेशन फॉल्ट येतो.

नेटवर्क नसेल तर अ‍ॅपवरून चार्जिंग सुरूच होत नाही. दोन कंपन्यांची सिमं, बाहेर काढलेला अँटेना आणि ऑफलाइन चालणारं आरएफआयडी कार्ड (चार्जरला टेकवून चार्जिंग सुरू करायचं) या तीन गोष्टी करारात लिहून घ्या.

आता मुद्दा धंद्याचा. दिवसाला दोन गाड्या, वीस-वीस युनिट, म्हणजे ४० युनिट. या यंत्राची दिवसाची क्षमता १४४० युनिट. तीन टक्केही वापर नाही, पण मंजूर लोडचा स्थिर आकार तर दर महिन्याला येणारच.

म्हणून गावाकडे ३० किलोवॅटचा एका गनचा चार्जर जास्त शहाणा. तो ४५ अँपिअरच घेतो. ४० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला पन्नास मिनिटं लागतात. साठवाल्यावर अर्धा तास. वीस मिनिटांचा हा फरक सावजीच्या जेवणात कुणाला जाणवत नाही. ८० च्या पुढे तर गाडीच वेग कमी करते, तिथे मोठा चार्जरही हात टेकतो. फक्त केबल जाड घ्या आणि बाजूला एक १६ अँपिअरचा सॉकेट ठेवा, गावातल्या ई-स्कूटर त्याच्यावरच लागतील.